सान्याचा हिशेब

घर बांधताना माणूस दाराची उंची ठरवतो ती गोदरेजचं कपाट आत जावं म्हणून, आणि खिडकीची रुंदी ठरवतो ती पडद्याचं कापड पुरावं म्हणून. छपराला भोक केवढं ठेवायचं, हे मात्र हल्ली कुणी ठरवत नाही. गृहकर्जाच्या फायलींतून शेकडो नकाशे माझ्या टेबलावरून गेले. आकाशाकडे बघणारी खिडकी त्यांत क्वचितच दिसली.

नांदेड-लातूरकडचे आपले पणजोबा मात्र हे ठरवत. तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढरी माती, असं त्यांचं माळवद. त्यातल्या भोकाला नावही होतं : सानं. कोकणातला माणूस कौलांत एक काचेचं कौल बसवून मोकळा होतो. आमच्या मातीत काच कुठली बसवणार? म्हणून सरळ भोकच. चोराच्या भीतीनं बाहेरच्या भिंती जाड आणि खिडक्या नावापुरत्या. तेव्हा उजेड आत यायचा वरून आणि चुलीचा धूर जायचा तोही वरूनच. श्रीमंताच्या वाड्याला चौक असे, म्हणजे तेही एक मोठं सानंच म्हणा ना!

आता आकार. तो तिघं मिळून ठरवत : पाऊस, चोर आणि ऊन. पाऊस आला की कुणीतरी धावत माळवदावर जाऊन सानं झाकायचं, तेव्हा ते घरातल्या परातीहून मोठं असून चालायचं नाही. चोराचे खांदे आत मावता कामा नयेत. आणि ऊन? मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, पुन्हा जुलैअखेरीस येतो. हातभर सान्यातून उन्हाचा कवडसा येतो. तीन हाती सान्यातून चूल न पेटवता स्वयंपाक झाला असता.

रोममधलं पँथिऑन बघा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं हे देऊळ, घुमटाचा व्यास ४३ मीटर आणि माथ्यावरचं सानं आठ मीटरांहून मोठं, तेही उघडं! पाणी जायला फरशीलाच भोकं आहेत. पण खरी अक्कल पुढेच आहे. घुमट वर जाईल तसा ते काँक्रीट पातळ आणि हलकं करत गेले, आणि जिथं भार सर्वांत नकोसा, तिथं काहीच ठेवलं नाही.

आम्ही उलट केलं. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकायची. दरवर्षी चार पाट्या. कॉमर्सवाल्याला हे पटकन कळतं : ही ठेव होती, आणि तिच्यातून कधी काही काढलं जात नव्हतं. पिढ्या गेल्या, थर फूट-दीड फुटावर गेला, कुठे दोन फुटांवर. १२० चौरस फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले तरी आठ टन. खाली दगड-मातीच्या भिंती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि ती सगळी ठेव एका झटक्यात अंगावर आली. हजारो माणसं गेली. वाचलेल्यांतले कित्येक पुढे बरेच दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हते.

नंतर पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसली. सिमेंटची घरं आली, भिंतींत खिडक्या आल्या. माळवद गेलं ते बरंच झालं. सानं मात्र त्याच्याबरोबर विनाकारण गेलं. गुन्हा मातीच्या वजनाचा होता, भोकाचा नव्हता.

राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, कोरड्या उष्ण प्रदेशात दारं सोडून खोलीच्या एक-दशांश जागा उघडी हवी. म्हणजे १२० फुटांना १२. तेवढी खिडक्यांनी द्या. पण मधल्या अंधाऱ्या खोलीसाठी दीड-दोन फुटी सानं ठेवा. काच लावा, भोवती वीतभर कट्टा घाला. ढगाळ दिवशी वरची खिडकी भिंतीतल्या तेवढ्याच खिडकीच्या अडीचपट उजेड घेते. पणजोबांना हा फायदा मिळालाच नाही, कारण ढग आले की ते परात शोधत.

फक्त गवंड्याला स्लॅब पडायच्या आधी सांगा. नंतर लोखंड कापावं लागतं. आणि मांजरीचा विचार करू नका; ती सान्याशिवायही येतेच.