अनामत आणि तारण

मराठींतील 'अनामत' हा शब्द मूळचा परका. परंतु तो आतां इतका घरचा झाला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. अरबींतील 'अमानत' म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तु. ती ज्याच्यापाशीं ठेविली त्यानें मागतांक्षणीं परत केली पाहिजे. न केल्यास लोक त्याला नुसता देणेकरी न म्हणतां विश्वासघातकी म्हणतात. पेयाच्या बाटलीवर दुकानदार जे चार पैसे अधिक घेतो त्यांस जर्मन लोक 'फांट' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ तारण असा आहे. या दोन शब्दांतील भेद बारीक खरा, पण महत्त्वाचा आहे. तारणांत संशय असतो तो देणाऱ्याविषयीं : हा मनुष्य बाटली परत आणील कीं नाहीं? अनामतींत कसोटी लागते ती घेणाऱ्याची : हा मनुष्य माझे पैसे परत देईल कीं नाहीं? बाटलीवरील ते चार पैसे एकाच वेळीं तारणही असतात आणि अनामतही. जर्मनींत २००३ सालापासून तीन-सव्वातीन वर्षें या क्षुल्लक रकमेवरून जो लोकक्षोभ माजला त्याचें कारण, आमच्या मतें, हेंच कीं सरकार आणि व्यापारी या दोघांनींही पहिला अर्थ तेवढा ध्यानांत धरला आणि दुसरा विसरला. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जर्मन मनुष्य या व्यवहाराला नवखा होता असें मात्र कोणीं समजूं नये. बियरची किंवा खनिज पाण्याची काचेची बाटली रिकामी झाली कीं ती खोक्यांत उभी करावी, खोका भरला कीं दुकानीं पोंचता करावा आणि दुसरा भरलेला आणावा, ही रीत तेथें पिढीजाद होती. १९६९ सालीं खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या मालकांच्या सहकारी संस्थेनें ग्युंटर कुपेट्झ या कल्पक आकृतिकाराकडून एक समाईक बाटली करवून घेतली. तिच्या गळ्याशीं मण्यांसारखे बारीक उंचवटे असल्यामुळें ती 'मोत्यांची बाटली' म्हणून प्रसिद्धि पावली. ती कोणा एकाच्या मालकीची खूण नव्हती. अनेक झऱ्यांचें पाणी त्याच एका आकाराच्या बाटलींतून विकलें जाई. एका गांवीं विकत घेतलेली बाटली दुसऱ्या गांवीं देतां येई, आणि ती जवळच्याच झऱ्यावर धुवून पुनः भरतां येई. अनामत थोडकी, आणि ती परत मिळण्याचें दार जागोजाग उघडें. यामुळें तिचा जाच वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें जें घडलें त्याचें मर्म कळावें म्हणून ही मोत्यांची बाटली वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

पुढील काळांत पत्र्याचे कॅन आणि एकदां वापरून फेकावयाच्या बाटल्या यांचा सुळसुळाट होऊं लागला. १९९१ सालीं क्लाउस टोफर हे पर्यावरणमंत्री असतांना वेष्टनांविषयीं एक नियमावली झाली. तींत अशी मेख मारलेली होती कीं, पुनः भरावयाच्या बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या पेयांचें प्रमाण जोंवर शेंकडा ७२ च्या खालीं उतरत नाहीं, तोंवर टाकाऊ बाटल्या व कॅन यांवर सक्तीची अनामत बसावयाची नाहीं. उतरल्यास मात्र ती बसेल. म्हणजे अनामत या कायद्यांत आली ती एक व्यवस्था म्हणून नव्हे, तर दाराआड उभी करून ठेविलेली छडी म्हणून. छडी दाखविणाऱ्यास ती मारण्याची पाळी येईल असें वाटत नसतें, आणि ज्याला ती दाखवावयाची त्यालाही ती खरोखर बसेल असें वाटत नसतें. यामुळें मारण्याची वेळ आली म्हणजे कोणाचीच तयारी नसते. येथें नेमकें तेंच झालें. १९९७ सालीं, अँगेला मर्केल यांच्याकडे तें खातें असतांना, हें प्रमाण प्रथमच ७२ च्या खालीं गेलें. १९९८ सालीं सत्तांतर होऊन तें खातें हरित पक्षाचे युर्गेन ट्रिटीन यांच्याकडे आलें, आणि पूर्वीच्या सरकारनें दाराआड ठेविलेली छडी त्यांनीं उचलली. कारखानदार व दुकानदार यांनीं न्यायालयांत धांव घेतली; परंतु कायद्याचा अंमल टळला नाहीं.

ता. १ जानेवारी २००३ रोजीं हा अंमल सुरू झाला. दीड लिटरच्या आंतील टाकाऊ बाटलीवर अथवा कॅनवर २५ सेंट, आणि त्याहून मोठ्या बाटलीवर ५० सेंट, असा दर होता. बियर, खनिज पाणी आणि वायुयुक्त गोड पेयें यांना तो लागू होता. फळांचे रस, मद्यार्क, द्राक्षांची वारुणी आणि दूध हीं वगळलीं होतीं. म्हणजे एकाच फळीवर शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन बाटल्यांपैकीं, जींत बुडबुडे असतील तिच्यावर अनामत आणि जींत नसतील तिच्यावर नाहीं, असा प्रकार झाला. हें एक वेळ पाठ करतां आलें असतें; खरी अडचण पुढेंच होती. सर्व देशाची मिळून अशी परताव्याची व्यवस्था तयारच नव्हती, म्हणून पहिले नऊ महिने प्रत्येक दुकानानें आपापली तजवीज करावी असें ठरलें. कोणी पावती मागे, कोणी चिठ्ठी देई, कोणी बिल्ला देई. आणि बाटली ज्या दुकानांतून नेली तेथेंच, त्या पावतीसह, परत आणली तरच पैसे मिळत. हॅम्बुर्गच्या स्टेशनावर कॅन घेऊन गाडींत बसलेल्या आणि म्युनिकला उतरणाऱ्या उतारूनें काय करावें? त्यानें तो रिकामा कॅन फेकून द्यावा आणि पंचवीस सेंटांवर पाणी सोडावें, हाच व्यवहार्य मार्ग होता. आणि कायदा तर कॅन फेकला जाऊं नये म्हणून झालेला!

ऑक्टोबर २००३ पर्यंत देशव्यापी व्यवस्था उभी करण्याचें ठरलें होतें. तें व्यापाऱ्यांकडून पार पडलें नाहीं. त्याऐवजीं जें निघालें त्याला जर्मन लोक 'बेटांचा तोडगा' म्हणूं लागले. कायद्याचा शब्द असा होता कीं, दुकानदार ज्या जातीच्या, आकाराच्या व मापाच्या बाटल्या विकतो तशाच बाटल्या परत घेणें त्याला बंधनकारक आहे. स्वस्त मालाच्या मोठमोठ्या दुकानसाखळ्यांनीं या शब्दाचा आश्रय केला. प्रत्येकीनें आपल्या बाटलीला निराळाच घाट दिला. म्हणजे दुसरीची बाटली आपल्याकडे आली तर ती आमच्या आकाराची नव्हे असें सांगून परत लावतां यावी. १९६९ सालीं अनेकांनीं मिळून एक आकार ठरविला होता तो बाटली कोठेंही परत जावी म्हणून. २००३ सालीं एकेकानें वेगळा आकार काढला तो बाटली दुसरीकडे परत जाऊंच नये म्हणून. कित्येक दुकानांनीं तर कॅन विकणेंच सोडून दिलें, आणि फळ्यांवरून तो बव्हंशीं दिसेनासा झाला. इकडे गिऱ्हाइकाच्या तळघरांत निरनिराळ्या बेटांच्या बाटल्यांच्या पिशव्या सांचूं लागल्या. जी बाटली परत येई ना, तिची अनामत विकणाऱ्याच्याच गल्ल्यांत राही. ठेव परत करण्याच्या वाटेवर जितके खळगे, तितका ठेव सांभाळणाऱ्याचा लाभ, अशी ही विलक्षण विश्वस्तगिरी होती. लोक चिडले ते पंचवीस सेंट द्यावे लागले म्हणून नव्हे. आपलेच पंचवीस सेंट मागावयास गेल्यावर आपल्याकडेच संशयानें पाहिलें जातें म्हणून चिडले.

या काळांत दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवीत होते, आणि दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. मंत्री म्हणत कीं, कायदा १९९१ पासून डोळ्यांसमोर असतां व्यापाऱ्यांनीं तयारी केली नाहीं. व्यापारी म्हणत कीं, दर दिवशीं न्यायालयांत झुलणाऱ्या नियमावर विसंबून आम्हीं कोट्यवधींचीं यंत्रें कशीं घ्यावीं? हा वाद अखेर युरोपीय न्यायालयापुढें गेला. तेथें परदेशांतून जर्मनींत खनिज पाणी व इतर पेयें पाठविणारांची तक्रार होती. ता. १४ डिसेंबर २००४ रोजीं न्यायालयानें जो निर्णय दिला तो मननीय आहे. अनामतीची पद्धति मुळांत गैर नाहीं, असें त्यानें सांगितलें. परंतु ती लागू करण्यापूर्वीं पुरेशी मुदत दिली पाहिजे, आणि मुदत संपेल त्या दिवशीं प्रत्येक उत्पादकाला व विक्रेत्याला खरोखर चालत असलेल्या व्यवस्थेंत शिरतां आलें पाहिजे, अशी अट घातली. आमच्या शब्दांत सांगावयाचें तर, आधीं परत देण्याचें दार बांधा, मग घेण्याचा हात पुढें करा.

त्यानंतर नियम सुधारण्यांत आला, आणि ता. १ मे २००६ पासून बेटें मोडलीं. दर सरसकट २५ सेंट झाला. जो दुकानदार प्लास्टिकच्या टाकाऊ बाटल्या विकतो त्यानें कोणाचीही तशी बाटली घेतलीच पाहिजे, जो कॅन विकतो त्यानें कोणाचाही तसा कॅन घेतलाच पाहिजे, असें ठरलें. २०० चौरस मीटरांहून लहान दुकानांना मात्र आपण विकतों त्याच नांवाचा माल घेण्याची सवलत राहिली. बाटल्यांवर एकच खूण आली, ती ओळखणारीं यंत्रें दुकानोदुकानीं बसलीं, आणि पावती-चिठ्ठीची यातायात संपली. त्यासरशीं लोकांची ओरडही ओसरली. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. लहान बाटलीवरील दर कमी झाला नव्हता. २००३ सालींही तो २५ सेंट होता आणि २००६ सालींही तितकाच राहिला. रक्कम तीच असतां राग गेला, त्या अर्थीं राग रकमेचा नव्हता हें उघड होतें. पुढें २०२२ सालीं रसांसारख्या वगळलेल्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि २०२४ सालीं दुधाच्याही तशा बाटल्या या नियमांत आल्या, तेव्हां २००३ सारखा गोंधळ माजला नाहीं. आज शेंकडा ९५ हून अधिक बाटल्या परत येतात.

तथापि या यशाला एक काळी बाजू आहे, ती लपविणें हें इतिहासलेखकाला शोभणार नाहीं. ज्या पुनः भरावयाच्या बाटलीच्या रक्षणासाठीं हा सारा खटाटोप झाला, ती वाचली नाहीं. टाकाऊ बाटलीवरही अनामत आणि टिकाऊ बाटलीवरही अनामत, असें झाल्यावर साध्या मनुष्याला दोन्ही सारख्याच पवित्र वाटूं लागल्या. यंत्रांत टाकलेली प्लास्टिकची बाटली तेथेंच चिरडली जाते, पुनः भरली जात नाहीं, हें पुष्कळांच्या गांवींही नव्हतें. २०१९ च्या कायद्यानें टिकाऊ बाटल्यांचें प्रमाण शेंकडा ७० असावें असें उद्दिष्ट घातलें. प्रत्यक्षांत तें चाळिशीच्या घरांतच रेंगाळत राहिलें.

दुसरी गोष्ट मनाला अधिक लागणारी आहे. ज्यांना २५ सेंट टाकून देणें परवडतें अशांच्या बाटल्या कचरापेटींतून वेंचून त्यांवर महिन्याची तोंडमिळवणी करणारे म्हातारे पेन्शनर बर्लिनच्या रस्त्यांवर दिसूं लागले. २००८ सालीं तर त्या शहरांतील एका दुकानांत एकतीस वर्षें नोकरी केलेल्या रोखपाल बाईस केवळ बाटल्यांच्या परताव्याच्या दोन पावत्यांपायीं बडतर्फ करण्यांत आलें. एक ४८ सेंटांची, दुसरी ८२ सेंटांची. कोणा गिऱ्हाइकानें हरवलेल्या त्या पावत्या, मालक आला तर द्याव्या म्हणून तिच्यापाशीं ठेविल्या होत्या. तिनें त्या स्वतःच्या खरेदींत वळत्या केल्या असा आरोप होता. खालच्या न्यायालयांनीं बडतर्फी कायम केली, पण ता. १० जून २०१० रोजीं देशाच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानें ती रद्द ठरविली. इतक्या वर्षांत सांठलेला विश्वास एका लहानशा अपराधानें सर्वस्वीं खर्च होत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्या देशांत थोड्याच वर्षांपूर्वीं मोठमोठ्या दुकानांनीं लोकांची अनामत परत करण्याच्या वाटा अरुंद केल्या होत्या, त्याच देशांत १ युरो ३० सेंटांच्या अनामतीसाठीं एका रोखपाल बाईला दोन वर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. लोकांनीं तिची बाजू उचलून धरली, यांत नवल तें काय!

हा प्रश्न आपल्याला परका नाहीं. सोड्याची बाटली दुकानांतच पिऊन परत करणें, किंवा आरेच्या दूधकेंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घेणें, हें मुंबईकरांच्या एका पिढीच्या अंगवळणीं पडलेलें होतें. २०१८ सालच्या मार्चमध्यें महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तींत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर परत घेण्याची किंमत छापण्याची अट होती. २०१९ सालीं दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामतीची घोषणा झाली. यांपैकीं कांहींही गिऱ्हाइकाच्या नित्याच्या व्यवहारांत रुजलें नाहीं. २०२४ सालीं गोव्यानेंही अनामत-परताव्याच्या योजनेची अधिसूचना काढली. अशा योजना यापुढेंही निघतील, आणि निघाव्या. त्या वेळीं एक रुपया घ्यावा कीं दोन, यावर भरपूर चर्चा होईल. परंतु रिकामी बाटली हातांत घेऊन निघालेला मनुष्य कोणत्या दारीं जाईल, आणि त्या दारीं त्याला 'ही आमची नव्हे' असें सांगण्याची मुभा कोणास राहील, हा प्रश्न त्याआधीं सोडविला पाहिजे. त्याचें उत्तर तयार नसेल तर आपण अनामत घेत नसून दंड घेत आहों, हें लोकांना पहिल्याच दिवशीं कळेल.