युयुत्सू : कौरवांची रांग सोडून गेलेला धृतराष्ट्रपुत्र
(धागा)

१/ कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत. गीतेचा उपदेश संपला आहे. पहिला बाण अजून सुटलेला नाही. नेमक्या या अवकाशात धृतराष्ट्राचा एक पुत्र कौरवांची रांग सोडून पांडवांकडे जातो. त्याचे नाव युयुत्सू. कुलनिष्ठा आणि धर्म यांत निवड करावी लागलेल्या या पुरुषाची ही कथा.

२/ आदिपर्वानुसार गांधारीचे गर्भारपण लांबले, त्या काळात एक वैश्य स्त्री धृतराष्ट्राच्या सेवेत होती. युयुत्सू हा तिचा पुत्र. शंभर कौरवांच्या गणनेत तो धरला जात नाही. ग्रंथात त्याचा उल्लेखही वारंवार ‘वैश्यापुत्र’ असाच येतो. नावाचा अर्थ मात्र ‘युद्धाची इच्छा असणारा’.

३/ पांडवांविषयीची त्याची आस्था जुनी होती. बालपणी भीमाच्या अन्नात विष कालवले गेले, तेव्हा पांडवांच्या हितासाठी ती वार्ता त्यांना कळवणारा युयुत्सूच होता.

४/ आता भीष्मपर्वातील प्रसंग. युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्रे खाली ठेवतो आणि पायी शत्रुसैन्यात शिरतो. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य या चार वडीलधाऱ्यांना वंदन करून तो युद्धाची अनुज्ञा मागतो.

५/ चौघेही त्याला जवळपास एकच उत्तर देतात. मनुष्य अर्थाचा दास आहे आणि कौरवांनी आपल्याला अर्थाने बांधून ठेवले आहे. तेव्हा त्यांच्या बाजूने लढणे सोडून दुसरे काहीही माग. चौघेही युधिष्ठिराला आशीर्वाद देतात आणि चौघेही त्याच्याविरुद्ध लढतात.

६/ यानंतर लगेच युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा राहून घोषणा करतो : जो आमची निवड करील, त्याला आम्ही आपला मानू. एवढ्या अफाट सेनेतून एकटा युयुत्सू पुढे येतो. त्याला स्वीकारताना युधिष्ठिर म्हणतो की धृतराष्ट्राचा पिंड आणि वंशतंतू आता तुझ्याच ठायी दिसतो.

७/ विकर्णाशी तुलना केली की या निवडीचे वजन कळते. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा धृतराष्ट्रपुत्र म्हणजे विकर्ण. अन्याय त्यालाही स्पष्ट दिसला होता. तरीही तो भावांच्या बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. त्याला मारताना भीमालाही दुःख झाले.

८/ युयुत्सूने पक्ष बदलला, पण जन्माचे नाते सुटले नाही. अभिमन्यूच्या वधानंतर कौरव आनंद करू लागले, तेव्हा अर्जुनापुढे टिकाव लागत नाही म्हणून बालकाला मारलेत, असे तो त्यांना सुनावतो. द्रोणपर्व सांगते की क्रोधाने आणि दुःखाने त्या वेळी त्याने शस्त्र टाकून दिले.

९/ अठराव्या दिवशी दुर्योधनाची सेना संपली आणि कौरवांच्या स्त्रिया आक्रोश करीत नगराकडे निघाल्या. युयुत्सूने युधिष्ठिर व कृष्ण यांची अनुमती घेऊन त्यांना हस्तिनापुरास पोहोचवले. विदुराने त्याची प्रशंसा केली आणि ती रात्र तेथेच राहण्यास सांगितले. त्याच रात्री अश्वत्थाम्याने पांडवांच्या शिबिरात झोपलेल्यांचा संहार केला. भावांच्या विधवांना घरी नेण्याच्या कर्तव्यानेच युयुत्सू त्यातून वाचला.

१०/ युधिष्ठिराचे शब्द पुढे अक्षरशः खरे ठरले. धृतराष्ट्र वनात वणव्यात मृत्यू पावला, तेव्हा युयुत्सूला पुढे करून पांडवांनी गंगेवर जलांजली दिली. महाप्रस्थानाच्या वेळी परीक्षिताला हस्तिनापुरात अभिषेक झाला आणि राज्याचा भार युयुत्सूवर सोपवला गेला. शंभरांत ज्याची गणती नव्हती, तोच कुरुकुलाचा रक्षक झाला.

११/ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वरील प्रसंग त्या आवृत्तीच्या संहितेतही आहेत. म्हणजे युयुत्सू ही उत्तरकालीन भर नव्हे. तो कथेच्या जुन्या विणीतला धागा आहे.

१२/ आधुनिक काळात धर्मवीर भारती यांच्या ‘अंधा युग’ (१९५४) या हिंदी नाट्यकाव्यात युयुत्सू पुन्हा भेटतो. तेथे विजयी बाजूकडे असूनही तो सर्वांच्या तिरस्काराचा धनी होतो आणि शेवटी आत्मघात करतो. फाळणीनंतरच्या पिढीला त्याच्या निवडीची किंमत दिसली. व्यासांच्या ग्रंथात मात्र त्याच्या वाट्याला सन्मान आणि जबाबदारी येते.

१३/ भीष्म, द्रोण यांना अधर्म कळत नव्हता असे नाही. सिंहासन, अन्न आणि मान यांचे ऋण त्यांना सोडवले नाही. युयुत्सूला दुर्योधनाच्या दरबारात गमावण्यासारखे फार थोडे होते, म्हणून ते पाऊल त्याला सोपे गेले असेल, असा आक्षेप घेता येतो. पण त्या बाजूला त्याचा जन्मदाता बसला होता आणि शंभर भाऊ उभे होते. त्याला ‘घरभेदी’ म्हणण्यापूर्वी एवढे आठवावे : त्या घराच्या मृतांना शेवटी पाणी देण्यासाठी धृतराष्ट्राचा हा एकच पुत्र उरला होता.

(समाप्त)