कळंब्याच्या भिंतीआडचे मन : कैद्यांचे मानसिक आरोग्य आणि आपली जबाबदारी

कोल्हापूरचे कळंबा मध्यवर्ती कारागृह सर्वांना ठाऊक आहे. आत गेलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, यावर मात्र आपल्या विहारांत क्वचितच बोलले जाते. कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मन कशाने खचते?
देशातील दर चार कैद्यांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही आणि सुटका कधी होईल हेही त्यांना माहीत नसते. गर्दी, अपुरी झोप, तुटलेल्या भेटी, घराची काळजी आणि समाजाने लावलेला कलंक यांमुळे चिंता, नैराश्य व आत्महत्येचे विचार बळावतात. अटकेनंतरचे पहिले दिवस सर्वांत जोखमीचे असतात. अनुसूचित जाती-जमातींचे तुरुंगातील प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणून हा आपल्या वस्त्यांचाही प्रश्न आहे.

जात भिंतीआडही जाते
जन्मावरून गुन्हेगार ठरवून लावलेली 'हजेरी' छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात बंद केली. तरीही अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जातीनुसार काम वाटण्याच्या तरतुदी टिकून होत्या. सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या. जात पाहून झाडू हातात देणे हा मनावरचा घावच आहे.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ मध्ये मानसिक आजार असलेल्या कैद्याच्या उपचारांची तरतूद आहे. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणे बंधनकारक आहे. उपचार हा कैद्याचा हक्क आहे.

विपश्यनेचे स्थान
सत्यनारायण गोयंका यांनी १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात विपश्यना शिबिर घेतले. १९९४ मध्ये किरण बेदी यांच्या काळात तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. विपश्यनेने रागाकडे आणि पश्चात्तापाकडे शांतपणे पाहता येते. पण ती औषधाला पर्याय नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याला आधी मानसोपचारतज्ज्ञच हवा. तसेच जामिनासाठी अडकलेल्या माणसाला केवळ 'ध्यान कर' असे सांगणे आम्हाला अपुरे वाटते.

आपण काय करावे?
- कैद्याची भेट आणि पत्रे सुरू राहतील यासाठी कुटुंबाला मदत करा.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळू शकतो. पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले कैदी यांना हे लागू नाही.
- कैद्याचे बोलणे निराशेचे वाटले, तर कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा.
- घरच्यांचे मनही खचते. त्यांच्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.
- सुटून आलेल्याला विहारात बसायला जागा द्या, काम शोधायला सोबत जा.

अंगुलिमालालाही तथागतांनी संघात जागा दिली. आपल्या गल्लीत परतणाऱ्या माणसाला आपण ती देणार का?