गच्चीवरचं विमान आणि वहीतली नोंद



मी जयपूरला राजा पार्कात राहतो. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी गजबजवलेली ही वस्ती. आमच्यासारखी मराठी घरं इथं मोजकीच. संक्रांतीला आपल्याकडे तिळगूळ वाटतात, इथं मात्र त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं. सकाळपासून 'वो काटा!'च्या आरोळ्या.

अशाच एका संक्रांतीला शेजाऱ्यांचा नातू मांजा गुंडाळता गुंडाळता मला म्हणाला, "दादाजी, राईट बंधूंच्या आधी एका मराठी माणसानं विमान उडवलं होतं, असं मी पिक्चरमध्ये पाहिलं. खरं आहे का?" क्षणभर माझी छाती फुगली. पण मी आयुष्यभर फौजेच्या ईएमईत, म्हणजे यंत्रांची देखभाल करणाऱ्या शाखेत काढलेला माणूस. काही वर्षं हेलिकॉप्टरांवरही होतो. आमच्याकडे 'उडालं' म्हणून भागत नाही. कधी, किती वेळ, कोणी तपासलं, सही कुणाची, हे सगळं विचारतात. म्हणून त्या पोराला तेव्हा जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

तो विचारत होता ते शिवकर बापूजी तळपदे. मुंबईचे विद्वान गृहस्थ. 1895 साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं मानवरहित यान उडवलं आणि ते पंधराशे फूट वर गेलं, अशी गोष्ट सांगितली जाते. पण त्या दिवसाचं छायाचित्र नाही, आराखडा नाही, मोजमापाची वही नाही. या गोष्टीला 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार जोडला जातो. 1974 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ बारकाईनं तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकात तयार झालेला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांनी धडपड केली नाही, असं मी म्हणत नाही. पण त्यांची धडपड मोजता येईल असं काही आपल्या हातात नाही.

आता राईट बंधू पाहा. सायकली दुरुस्त करणारी माणसं. सरकारी अनुदान नाही, पदवी नाही. घरगुती विमानकर्त्यांचे मूळपुरुषच म्हणा. 1901 मध्ये त्यांचं ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचलेना, तेव्हा त्यांनी एक लाकडी खोका केला, त्यात पंख्यानं वारा सोडला आणि पंखांचे छोटे छोटे नमुने एकेक करून तपासले. वाऱ्याचा बोगदा तो हाच. 17 डिसेंबर 1903 ला चार उड्डाणं झाली. पहिलं 12 सेकंद, 120 फूट. चौथं 59 सेकंद, 852 फूट. एका साक्षीदारानं फोटो काढला, वडिलांना तार गेली, डायरीत आकडे उतरले. जग त्यांना मानतं त्यामागे ही वही आहे.

वही कशाला लागते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. तरुण कॅप्टन असताना एका हेलिकॉप्टरचं काम मी पाहून सही केली. माझ्या मागून दुसऱ्या तपासणीला आलेल्या हवालदारानं नियंत्रणाच्या सांध्यावर बोट ठेवलं. नट होता, पण तो सैल होऊ नये म्हणून घालतात ती पिन नव्हती. हवालदार एवढंच म्हणाला, "साहेब, ही राहिली." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याची सही सक्तीची नसती, तर?

विमान घरी बनवणाऱ्यांच्या इतिहासात हाच 'तर' पुन्हा पुन्हा येतो. 1934 मध्ये आंरी मिन्ये या फ्रेंच माणसानं आपल्या छोट्या विमानाचं, 'पू द्यु सिएल'चं पुस्तक छापलं. खिळे ठोकून पेटी करता येत असेल तर विमानही करता येईल, असा त्याचा भरवसा. फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोकांनी गॅरेजमध्ये, परसात ती विमानं केली. मग अपघात सुरू झाले, माणसं गेली. अखेर पुरं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिलं, तेव्हा दोष सापडला. पुढचा आणि मागचा पंख फार जवळ होते. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की काही केल्या ते वर येत नसे. विमानांवर बंदी आली. कारागिरांचे हात चांगले होते, दोष आराखड्यात होता, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसणारा नव्हता.

अमेरिकेनं यातून वाट काढली. तिथं 1953 मध्ये हौशी विमानकर्त्यांची संघटना उभी राहिली. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग स्वतः बनवलेला असला पाहिजे, 'प्रायोगिक' असं त्यावर ठळक लिहिलं पाहिजे, आणि सुरुवातीचे 25 किंवा 40 तास दाट वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या हद्दीतच उडवलं पाहिजे, असे नियम झाले. स्वप्नाला मनाई केली नाही, त्याला पायऱ्या घालून दिल्या.

आता आपल्या गच्चीवर येऊ. कांदिवलीतल्या चारकोपला एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधलं. ते तेव्हा जेट एअरवेजचे वैमानिक होते. ध्यास 1998 पासूनचा. आधीच्या दोन प्रयत्नांनंतरचं हे तिसरं, टीएसी-003, सहा आसनांचं. ते सुटं करून खाली उतरवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं. पण नोंदणी मिळायला नोव्हेंबर 2017 उजाडला. उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये. मग विमान धुळ्याच्या धावपट्टीवर गेलं आणि 2020 मध्ये तिथं चाचणी उड्डाणं झाली.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बाबूंनी अडवलं! मी तसं सरसकट म्हणणार नाही. सहा माणसं बसतील असं विमान कुणी तरी तपासायलाच हवं. ती पिन मी विसरलेलो नाही. पण तपासणं वेगळं आणि ताटकळत ठेवणं वेगळं. पंखाचा पत्रा रिव्हेट मारून बंद करण्याआधी आत पाहायला कोण येणार, वजन आणि गुरुत्वमध्य कुणासमोर मोजायचा, जमिनीवरच्या धावेनंतर पुढची पायरी कोणती, हे आधीच लिहिलेलं असेल, तर माणूस त्या वाटेनं चालेल. वाटच आखलेली नसेल, तर त्याचं उमेदीचं वय खेट्यांत जातं.

आपण मराठी माणसं तळपद्यांच्या गोष्टीनं सुखावतो. पण कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? जर्मनीत प्रान्टल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसानं हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 विमानाची रचना केली. ते 1951 मध्ये उडालं. आमच्या तोफखान्याच्या निरीक्षणासाठी वापरलेलं 'कृषक' विमानही तिथलंच. घाटग्यांच्या पाठीशी संस्था होती, यादव एकटे होते. दोघांचंही काम कागदावर आहे, कुणीही तपासून पाहावं. अभिमान बाळगायचा तर असा बाळगावा.

त्या पोराला मी हे सांगितलं, तेव्हा तो थोडा हिरमुसला. मग आम्ही दोघांनी हलक्या लाकडाचं एक छोटं ग्लायडर केलं आणि शंभर पानी वही आणली. पहिल्याच फेकीला ते डावीकडे कलंडलं आणि पाण्याच्या टाकीवर आपटलं. तो म्हणाला, "दादाजी, हे नको लिहायला." मी म्हटलं, "हेच आधी लिही. तारीख घाल, अकरा फूट लिही, डावीकडे कलंडलं लिही. खाली सही कर."

त्यानं सही केली. खाली दुसरी सही माझी.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.