हवा भरणे सोपे, सांभाळणे कठीण

घरची मोटार चढावर धापा टाकू लागली की मोठे इंजिन हवे होते असे वाटते. पण इंजिनाची ताकद ठरते ती दर फेरीला त्यात किती इंधन जळते यावर, आणि इंधन जळायला हवा लागते. साधे इंजिन ओढून घेईल तेवढीच हवा त्याला मिळते. तीच हवा दाबून आत भरली तर?

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते. त्या वायूंनी एक टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबायची. हाच टर्बोचार्जर. जहाजांत आणि विमानांत तो आधी रुळला. घरगुती मोटारीत यायला १९६२ साल उजाडले.

त्या वर्षी अमेरिकेत ओल्डस्मोबिल 'जेटफायर' आली. इंजिन साडेतीन लिटरचे, शक्ती २१५ अश्वशक्ती. अडचण होती उष्णतेची. सायकलच्या पंपाने भराभर हवा भरली की पंप तापतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. टर्बोने दाबलेली हवाही तशीच तापते आणि सिलिंडरातला दट्ट्या तिला आणखी दाबतो. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच इंधन-हवेच्या मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो. इंजिन ठोके देऊ लागते. दट्ट्यालाही इजा पोचते.

जेटफायरचा दट्ट्या मिश्रण सव्वादहा पट दाबत असे. ते प्रमाण न घटवता निर्मात्यांनी पाणी आणि मिथेनॉल यांचे द्रावण आत फवारून तापमान आवरले. शास्त्र बरोबर होते, पण द्रावणाची टाकी भरत राहण्याचे काम मालकाच्या गळ्यात पडले. अनेकांनी ते केले नाही. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब रोखला जाई आणि गाडी मंदावे. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. १९६५ साली कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली.

स्वीडनची साब ही लहान कंपनी. तिची साब ९९ ही गाडी १९६०च्या दशकातली. मोठे नवे इंजिन घडवणे परवडणारे नव्हते. १९७७ साली व्होल्वोबरोबरच्या विलीनीकरणाची बोलणीही फिसकटली. त्याच वर्षी साबने '९९ टर्बो' लोकांपुढे ठेवली. पेर गिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दट्ट्याचे दाबण्याचे प्रमाण ७.२ पटीवर आणले. टर्बाइन लहान निवडले, म्हणजे इंजिन सावकाश चालतानाही ते चटकन वेग घेई. दाब फार वाढला की जादा वायू बाजूने सोडणारी झडप ठेवली. दोन लिटरच्या इंजिनाने १४५ अश्वशक्ती दिली, आणि मालकावर नवे काम पडले नाही. याची किंमतही होती: टर्बोचा जोर नसताना असे इंजिन थोडे सुस्त असते.

पुढे दाबलेली हवा थंड करणारे उपकरण आणि ठोके ओळखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, तेव्हा ही किंमत कमी झाली. जुन्या मोटारीला टर्बो जोडू पाहणाऱ्याने मात्र आजही आधी विचारावे: या इंजिनाचा दट्ट्या मिश्रण किती पट दाबतो, आणि वाढलेली उष्णता जाणार कुठे?