एक पुनर्विवाहित, एक केशवपन केलेली. दोघी सख्ख्या बहिणी

मंडळी, संक्रांत जवळ आली की आपल्या बाळकुमातही हळदीकुंकवाचे बोर्ड लागतात. त्याआधी दोन बहिणींचा इतिहास सांगतो. जरा मोठा आहे, पण वाचा.

गाव देवरूख, जिल्हा रत्नागिरी. जोशींच्या घरातली थोरली गोदूबाई. लहानपणीच लग्न झालं आणि काही महिन्यांत विधवाही झाली. धाकटी कृष्णा, म्हणजे सासरची पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा.

१८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई, म्हणजेच आपल्याला माहीत असलेल्या बाया कर्वे. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्काराचं हत्यार उपसलं.

आता बघा. एकाच आईच्या दोन लेकी. एकीने पुन्हा कुंकू लावलं, दुसरीचं केशवपन झालेलं. त्या काळच्या हिशेबाने एक बाटलेली, दुसरी अपशकुनी. नुसतं रक्ताचं नातं अशा वेळी फार टिकत नाही हो! रूढी दोघींना दोन दारांना उभं करते.

त्यांना जोडून ठेवलं ते कामाने. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी संस्था काढली. १९०० मध्ये ती हिंगण्याला गेली, सुरुवात झोपडीतून. पार्वतीबाई पंचविशीनंतर शिकायला बसली आणि त्याच संस्थेची झाली. गावोगाव फिरून वर्गणी जमवली. पुढे अमेरिकेपर्यंत गेली, तिथे लोकांच्या घरी कामं करून इंग्रजी शिकली.

आणि बाया? पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरताना दिसली तर पालक मुली काढून नेतील, ही भीती होती. त्यामुळे संस्थापकाच्या बायकोलाच संस्थेपासून अंतर राखावं लागलं. सोवळ्या बहिणीवर मात्र सनातनी घरं विश्वास टाकायची. म्हणजे थोरलीने उंबरठा ओलांडला आणि धाकटीने त्याच वाटेवर बाकीच्या बायकांना आणलं. पुढे पार्वतीबाईनेही केशवपन सोडलं. दोघींनी आत्मचरित्रं लिहिली: धाकटीची 'माझी कहाणी', थोरलीचं 'माझे पुराण'. लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा.

हे आज का सांगतोय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानेही इतर गावांना तसं आवाहन केलं. पण आपल्याकडे मी अजून बघतो. दोघी सख्ख्या बहिणी एकाच आळीत राहतात, एकीला वाण मिळतं, दुसरी आत चहा गाळत बसते. बचतगटात मात्र ह्याच दोघी शेजारी बसून हिशेब करतात. तिथे कोणी विचारत नाही कपाळावर काय आहे.

म्हणजे जमतं आपल्याला. जे बचतगटात जमतं ते हळदीकुंकवात का नको?

महिला मंडळाच्या ताईंना, वहिनींना एवढीच विनंती: यंदा बोर्डावर 'सर्व महिलांना आमंत्रण' असं स्पष्ट लिहा. आणि नुसतं लिहू नका, घरी जाऊन हाताला धरून आणा.

पटलं तर पुढे पाठवा.