अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर मंडळ्यांचे पाळक व सेवक

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील मंडळ्या या महाराष्ट्रातील जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी होत. नगर शहरातील पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. ती पुढे 'फर्स्ट चर्च' या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी या मंडळीची सूत्रे अमेरिकन मिशनरींकडे होती. १८५४ पासून ती मराठी पाळकांकडे येऊ लागली. पाळकांखेरीज उपदेशक, शाळामास्तर, बायबल स्त्रिया, कीर्तनकार आणि मंडळीचे निवडलेले पुढारी असा मोठा सेवकवर्ग या मंडळ्यांत काम करीत असे. मराठी भाषा, पद्यरचना, नियतकालिके आणि स्त्रीशिक्षण या क्षेत्रांत या वर्गाची कामगिरी लक्षणीय आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्यापासून सुरू झालेले काम पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून प्रसिद्ध झाले. डिसेंबर १८३१ मध्ये अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड व विल्यम हर्वी यांनी अहमदनगर येथे ठाणे उघडले. बाबाजी हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ त्यांच्यासोबत होते. मे १८३२ मध्ये हर्वी पटकीने मरण पावले आणि १८३३ मध्ये बाबाजीही त्याच रोगाला बळी पडले. रीड यांनी इंग्रजीत लिहिलेले बाबाजींचे चरित्र १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतील होते. अँग्लिकन व्यवस्थेत बिशप पाळकाची नेमणूक करतो. काँग्रिगेशनल व्यवस्थेत मात्र स्थानिक मंडळीच आपला पाळक निवडते, त्याला बोलावणे पाठविते आणि त्याच्या निर्वाहाची जबाबदारी पत्करते. लूथरन मंडळ्यांतही पाळकाला मंडळीने बोलावण्याच्या तत्त्वाला महत्त्व आहे. परंतु भारतातील लूथरन मंडळ्या प्रामुख्याने तमिळनाडू, आंध्र, झारखंड व मध्य प्रदेश या भागांत वाढल्या. नगर जिल्ह्यात आधी अमेरिकन मराठी मिशन, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लिकन एस. पी. जी. मिशन आणि त्यानंतर रोमन कॅथलिक जेझुइट धर्मगुरू यांनी काम केले.

आरंभीचे मिशनरी पाळक

पहिल्या काळात मंडळीचे पालकत्व, शाळांची देखरेख, छपाईसाठी लेखन आणि खेड्यापाड्यांतील फेऱ्या ही सर्व कामे त्याच मिशनऱ्यांना करावी लागत. त्यांत हेन्री बॅलंटाइन यांचे नाव अग्रभागी येते. १८३०च्या दशकात नगरला आलेले बॅलंटाइन जवळजवळ तीन दशके तेथे राहिले. त्यांनी मराठीत अनेक ख्रिस्ती गीते रचली. जून १८४२ मध्ये अहमदनगर येथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, त्याचे ते आरंभीचे संपादक होते. प्रकृती ढासळल्यामुळे ते १८६५ मध्ये स्वदेशी परतण्यास निघाले आणि प्रवासातच वारले.

एबेनेझर बर्जेस हे काही काळ नगर येथे होते. मराठीचे व्याकरण आणि 'सूर्यसिद्धान्त' या ज्योतिषग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ही त्यांची कामे विद्वानांना परिचित आहेत. सॅम्युएल फेअरबँक यांचे नाव नेवासे तालुक्यातील वडाळ्याशी जोडलेले आहे. ते गाव आजही 'वडाळा मिशन' या नावाने ओळखले जाते.

सिंथिया फरार या पाळक नव्हत्या, परंतु मंडळीच्या सेवकवर्गात त्यांचे स्थान मोठे आहे. अमेरिकेतून परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक होत. १८२७ मध्ये त्या मुंबईस आल्या आणि १८३९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, त्यांनी नगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले यांनी १८४८ च्या सुमारास ही शाळा पाहिली होती. त्यानंतर त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

पहिले मराठी पाळक

१८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती व नारायण रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण बंधूंचा नगर येथे बाप्तिस्मा झाला. त्या काळी धर्मांतर करणाऱ्याला घर, जात आणि वारसा या सर्वांना मुकावे लागे. जातिच्युत झालेल्या व्यक्तीचा वारसाहक्क शाबूत ठेवणारा कायदा १८५० मध्ये झाला. तोपर्यंत कायद्याचा आधारही अपुरा होता.

हरिपंत खिस्ती यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा देऊन पहिल्या मंडळीचे पाळक नेमण्यात आले. त्याच वर्षी रामकृष्ण विनायक मोडक हे शहरातील दुसऱ्या मंडळीचे पाळक झाले. मोडक हे पद्यरचनाकारही होते. या दोघांच्या दीक्षेमुळे मंडळीतील बाप्तिस्मा, प्रभुभोजन व शिस्त यांचा अधिकार एतद्देशीय पाळकाच्या हाती आला. तोपर्यंत मराठी सेवक कितीही अनुभवी असला, तरी तो 'मदतनीस' या दर्जावरच राही.

याच सुमारास, १८५४–५५ मध्ये, अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन व त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन हे भारतातील कामाच्या पाहणीसाठी आले. मंडळीने स्वतः आपला कारभार पाहावा, स्वतः आपला खर्च भागवावा आणि स्वतः आपला प्रसार करावा, असे अँडरसन यांचे मत होते. त्यांच्या भेटीनंतर खेड्यांत लहान मंडळ्या स्थापून तेथे स्थानिक पाळक नेमण्याच्या धोरणाला गती मिळाली. याच धोरणाची दुसरी बाजू म्हणजे इंग्रजी शाळा बंद करून देशी भाषेतील शिक्षणावर देण्यात आलेला भर. खेड्यातील पाळकाला इंग्रजीची गरज नाही, हा त्यामागील विचार होता. परंतु नोकरी व उच्च शिक्षण यांची वाट इंग्रजीतून जात असल्याने हा निर्णय पुढे वादग्रस्त ठरला आणि काही दशकांनी मिशनने इंग्रजी शिक्षणाकडे पुन्हा लक्ष दिले.

पाळकाचे काम व निर्वाह

रविवारची उपासना चालविणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी करणे, विवाह लावणे, अंत्यविधी करणे, आजाऱ्यांच्या भेटी घेणे आणि मंडळीतील तंटे मिटविणे ही पाळकाची नित्याची कामे होती. खेड्यातील पाळकाकडे बहुधा आसपासची अनेक गावे असत. तेथे तो पायी अथवा बैलगाडीने जाई. शेतमजुरीची वेळ सांभाळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी भजन रात्री होत असे. मंडळीचा कारभार पाहण्यासाठी पाळकासोबत निवडलेले 'वडील' व 'डीकन' असत. डीकन हे मुख्यतः वर्गणी व गरिबांचे साहाय्य यांकडे पाहत. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या संघास 'ऐक्य' असे नाव होते.

पाळकाचे वेतन हा या मंडळ्यांतील कायमचा कठीण प्रश्न होता. तत्त्वतः ते मंडळीने द्यावयाचे. परंतु बहुतेक सभासद महार व मांग समाजांतील भूमिहीन किंवा अल्पभूधारक होते आणि जिल्हा अवर्षणग्रस्त होता. म्हणून रोख वर्गणीबरोबर धान्य देण्याची आणि दशमांश बाजूला काढण्याची सवय लावण्यात आली. घरोघरच्या स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे ठेवीत. उरलेली तूट मिशन भरून काढी. ज्याचे वेतन मिशन देते, तो मंडळीचा पाळक की मिशनचा नोकर, हा प्रश्न त्यातून उभा राही. १८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांत मंडळीची वर्गणी आटली आणि त्याच वेळी साहाय्याची व पोरक्या मुलांच्या संगोपनाची जबाबदारी वाढली.

जातिभेदाचा प्रश्न

मंडळीत सर्व जातींच्या सभासदांनी एकत्र बसावे व एकाच पात्रातून प्रभुभोजन घ्यावे, असा अमेरिकन मिशनरींचा आग्रह होता. नगरच्या आरंभीच्या सभासदांत एकीकडे ब्राह्मण, तर दुसरीकडे महार समाजातील आणि निराश्रित माणसे असल्याने ही कसोटी पहिल्यापासूनच लागली. पहिले दोन मराठी पाळक ब्राह्मण कुटुंबांतून आलेले होते. पुढे खेड्यांतील मंडळ्या वाढल्या, तसे दलित समाजांतून आलेले पाळक व शिक्षक संख्येने अधिक झाले. ज्या गावात त्यांना चावडीवर बसता येत नव्हते, त्याच गावात ते अक्षरओळख देणारे गुरुजी झाले. तथापि विवाहसंबंध व सामाजिक मान यांतील जुने भेद मंडळीतून एकाएकी नाहीसे झाले नाहीत.

अन्य सेवकवर्ग

उपदेशक व शाळामास्तर : खेड्यातील मिशन शाळेचा मास्तर हाच बहुधा तेथील उपदेशक असे. दिवसा मुलांना शिकविणे, सायंकाळी प्रौढांचे वाचन घेणे, रविवारी उपासना चालविणे आणि सरकारी कागद वाचून दाखविणे अशी कामे त्याच्याकडे असत. पाळकाची वारंवार फेरी होत नसल्याने गावकऱ्यांच्या दृष्टीने मंडळीचा खरा प्रतिनिधी तोच असे.

बायबल स्त्रिया : पुरुष उपदेशकाला घराच्या आतील भागात प्रवेश नसे. त्यामुळे वाचता येणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठविले जाई. त्यांपैकी अनेक विधवा होत्या. त्या शास्त्रवाचन करीत, गाणी शिकवीत आणि स्त्रियांना अक्षरओळख करून देत. स्वतःच्या नावे वेतन मिळविणाऱ्या ग्रामीण महाराष्ट्रातील आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना करता येईल. मंडळ्यांच्या इतिहासात मात्र त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली.

कीर्तनकार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू झाली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे तिचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. पूर्वरंग व उत्तररंग, ओव्या, पदे, टाळ व तबला ही हरिकीर्तनाची चौकट ठेवून बायबलमधील आख्याने सांगितली जात. दक्षिणेत तंजावरच्या लूथरन परंपरेतील वेदनायकम शास्त्री यांनी त्यापूर्वीच तमिळ पद्यरचनेतून असा प्रयत्न केला होता.

औद्योगिक शिक्षक : १८९९–१९०० च्या दुष्काळातील पोरक्या मुलांसाठी नगर येथे हस्तोद्योगांचे शिक्षण वाढविण्यात आले. डी. सी. चर्चिल या मिशनरी अभियंत्याने येथे सुधारित हातमाग तयार केला.

धर्मविद्यालय व रॉबर्ट ह्यूम

पाळकांच्या शिक्षणासाठी १८७८ मध्ये अहमदनगर येथे धर्मविद्यालय सुरू झाले. रॉबर्ट अॅलन ह्यूम हे त्याचे प्रमुख होते. मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेले ह्यूम १८७४ मध्ये नगरला आले आणि सुमारे अर्धशतक तेथे राहिले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचा संदेश कधीच पडला नाही, ते मृत्यूनंतर निश्चितच नष्ट होतात काय, या प्रश्नावर त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत उदार मत मांडले. त्यावरून वाद माजला आणि त्यांचे भारतात परतणे काही काळ लांबले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठी कुटुंबांपुढे आपल्या वाडवडिलांच्या गतीचा प्रश्न प्रत्यक्ष उभा असे, त्यामुळे या वादाला येथे केवळ तात्त्विक महत्त्व नव्हते. दुष्काळातील कार्याबद्दल ह्यूम यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. नगर येथील ह्यूम मेमोरियल चर्च त्यांचे नाव धारण करते.

नारायण वामन टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे पाळक तुकाराम नथोजी यांच्या हस्ते झाला. त्यानंतर टिळक नगर येथे आले व धर्मविद्यालयात शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांच्या वियोगानंतर त्यांच्याकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. बालकवी ठोमरे काही काळ टिळक कुटुंबात राहिले होते.

ख्रिस्ती मंडळीने परदेशी वळण सोडून मराठी भक्तिपरंपरेच्या रीतीने उपासना करावी, असे टिळकांचे मत होते. 'अभंगांजली' व मंडळीत गाइली जाणारी त्यांची पदे हे त्याचेच फळ होय. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नगर व राहुरी येथील मिशनच्या वसाहतींतील जीवनाचे जिवंत चित्रण आढळते.

विसाव्या शतकातील बदल

१९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय संयुक्त चर्चमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या सहभागी झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली व त्यात हे संयुक्त चर्च विलीन झाले. या विलीनीकरणामुळे आपला पाळक आपणच निवडण्याची परंपरा असलेल्या मंडळ्या बिशपप्रधान व्यवस्थेत आल्या. पाळकांच्या नेमणुका व बदल्या, तसेच मिशनकडून आलेल्या मालमत्तेचा कारभार, यांचे स्वरूप त्यामुळे पालटले. पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने स्त्रियांनाही पाळकपद खुले केले.

या परंपरेतून आलेले शिक्षणतज्ज्ञ भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली.

वारसा

मराठी ख्रिस्ती उपासनेत बॅलंटाइन, मोडक, सांगळे व टिळक यांच्या रचनांना स्थान मिळाले. या मंडळ्यांच्या इतिहासातील लिखित साधने मुख्यतः मिशनरींचे अहवाल, 'ज्ञानोदय'चे अंक आणि पाळक घराण्यांतील आत्मचरित्रे अशी आहेत. त्यांत दीक्षित पाळकांचे उल्लेख विस्ताराने येतात. गावोगावचे मास्तर व बायबल स्त्रिया यांच्या कामाच्या खुणा मात्र त्यांच्याकडून पहिल्यांदा अक्षरे गिरवलेल्या कुटुंबांच्या आठवणींत अधिक शोधाव्या लागतात.